केझियाबाईंचा झ

दगड तुर्भ्याच्याच खाणीतला आणलाय.
खाण बंद पडून वर्षं झाली, खड्ड्यात हिरवं पाणी,
पण कडेला अजून तुकडे आहेत;
वॉचमनला शंभर दिले की उचलू देतो.
पाद्रीसाहेब म्हणाले, संगमरवर घ्या, मंडळी पैसे देईल.
मी म्हणालो, नको.
हा दगड बाईंना ओळखतो.

आधी खडूनं आखून घेतलं,
केझिया दानियल गोर्डे.
खाली दोन सालं. बास.
वचन कुठलं घालू, विचारलं तर भाची म्हणाली,
आत्यानं सांगून ठेवलंय, खालची जागा मोकळी सोडा,
पोरांना गिरवायला.

'के' सहज उतरला.
झपाशी छिन्नी थांबली.

संगमनेरकडून मिशननं पाठवलेली बाई.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर एसटीतून उतरायची,
नाकाला पदर, कारखान्यांचा तो पिवळा वास
दातांवर बसायचा.
मग चढ चढून आमच्या पालांपाशी,
एका हातात थर्मास, दुसऱ्यात पाट्यांची पिशवी.
शाळा म्हणजे क्रशरमागची पत्र्याची शेड.
दुपारी भोंगा झाला, लाल फडकं वर गेलं
की बाई आम्हाला भिंतीशी बसवायच्या, कानांवर हात,
आणि मोजायला लावायच्या
वात जळेपर्यंत.
कधी बेचाळीसला उडायचा सुरुंग, कधी अगदी साठाच्या तोंडाशी.
"एकूणसाठ नाही रे, एकोणसाठ,"
पत्रे थडथडत असतानाही बाई अडून बसायच्या.

बापानं एकदा विचारलंच,
"बाई, आमचा देव बदलणार का?"
"आधी ह्याची पाटी बदलू द्या," त्या म्हणाल्या, "फुटलीय."
मरीआईच्या जत्रेचं मटण आमच्यात बसून खाल्लं त्यांनी.
घास घेण्याआधी डोळे मिटले, ओठ हलवले.
आई म्हणाली, बघा, तिखट लागायच्या आधीच घाबरली!
देवाचं त्या फक्त रविवारी बोलत असाव्यात,
आणि रविवारी आम्हाला सुट्टी.

झ मला यायचा नाही.
पोटाशी त्याची गाठ पडायची.
"माझ्याच नावात आहे तो," म्हणायच्या,
"तुझी सुटका नाही, भीमण्णा."
मी थुंकी लावून पुसायला गेलो
की हातात फडकं द्यायच्या.
"थुंकीनं नाही. अक्षर आहे ते."

यल्लप्पा त्या उन्हाळ्यात गेला.
दुपारी न उडालेला सुरुंग, संध्याकाळी उडाला.
हजेरीतून नाव कमी करा, असा वरून कागद आला.
बाईंनी केलं नाही.
रोज त्या ओळीशी आल्या की "यल्लप्पा" म्हणायच्या
आणि थांबायच्या, चष्मा वर करून,
जसा काही तो क्रशरमागून धावत येतोय.
मग पुढचं नाव.
पुढचं नाव माझं होतं.
त्या थांबण्यानंतर "हजर" म्हणायला
किती जोर लागायचा,
कुणाला सांगितलं नाही.

शेवटची भेट वाशीच्या दवाखान्यात.
ओळखलं की नाही, कळलं नाही.
माझे हात उलटेपालटे करून बघितले, भेगांवर बोट फिरवलं,
म्हणाल्या, "कुठवर आलास?"
मी येड्यासारखा म्हणालो,
पुलाचं काम चाललंय, बाई, नाक्यापासून चालत आलो.
त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवली.
बरोबर उत्तराला हलवायच्या तशी.

दगडावर चूक पुसता येत नाही.
म्हणून दम धरून
आधी दांडा, मग वळण, मग ती गाठ.
गाठ जरा मोठीच झाली.
असू दे, माझी म्हणून ओळखतील.

पांढरा भुगा अक्षरात बसला होता.
अंगठा जिभेपाशी गेला,
थांबला.
खिशातलं फडकं काढलं.