एक कंद जमिनीत

पहिल्या हिवाने पानं काळी पडली की मग काढायचे,
त्याआधी नाही.
हे तू फोनवर दोनदा सांगितलंस.
एकदा मला,
आणि एकदा मी ऐकलंच नसेल असं धरून.

डॅन्यूबवरून रात्रीत गारठा आला.
ऑगस्टभर कुंपणावरून मिजाशीत डोकावणारी कर्दळ
सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोळत होती.
वीतभर दांडा ठेवून मी वरचं छाटलं.

फावडं नको, काटा घे. लांबून घाल,
नाहीतर कंद दुखावतो.
दुखावतो, हा शब्द तुझा, झ्द्राव्का.
मी एकतीस वर्षं विदिनच्या कारखान्यात टायर भाजले,
माझ्या तोंडी तो येत नाही.
तरी लांबूनच घातला.

मे महिन्यात आपण एकेक डोळा पुरला होता.
आपण म्हणजे तू.
आता एकेका ढेकळात सात-सात, आठ-आठ,
एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले.

धुऊ नकोस, नुसती माती झटक.
मी धुतले.
हे तुला सांगायचं राहून गेलं.

तळघरात, कोबीच्या पिंपाशेजारी,
भुशाने भरलेली चार खोकी.
तीन चिठ्ठ्यांवर तुझं अक्षर:
लाल बुटकी.
पिवळी ठिपक्यांची.
तांबूस पानांची, शाळेमागून आणलेली.
चौथी चिठ्ठी कोरी.
काय लिहू, असं विचारायला फोन केला
तर तू सिन्योरा इमाकोलाताला सूप भरवत होतीस.
फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवलेला,
मला नुसतं तुझं कोपर दिसत होतं.

फेब्रुवारीत वास आला.
पिवळीचे अकरा कंद लिबलिबीत.
सडकं कापून काढलं, जखमेला चुलीतली राख लावली.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच रविवारी तू म्हणालीस, थांब, गंमत दाखवते,
आणि फोन फिरवलास.
बारीतलं अंगण. दगडी भिंत, वाळत घातलेली चादर,
आणि मातीतून वर आलेली
घट्ट गुंडाळलेली एक हिरवी सुरळी.
जाताना कोटाच्या खिशातून एक डोळा नेला होतास.
गावरिल, इथे काढावे लागत नाहीत, म्हणालीस,
हिवाळाभर जमिनीतच राहतात.
मग आतून म्हातारीने हाक मारली
आणि तू ओ दिलीस,
त्यांच्या भाषेत, जराही न अडखळता.

मी खाली जाऊन डोळे मोजले.
त्रेचाळीस.
पुन्हा मोजले तर एकेचाळीस.

मार्चमध्ये लाल-पांढरा दोरा
मनगटाला बांधायला कुणी नव्हतं,
खोक्याच्या कडीला बांधला.
मेच्या मध्यावर लावले,
चार बोटं खोल, डोळा वर, खाली जुनं शेणखत.
जुलैत अशी फुलली की
टपाल टाकणारी बाई सायकलवरून उतरली.
पलीकडच्या दोब्रीने विचारलं, झ्द्राव्का कधी येतेय?
ऑगस्टात, मी म्हणालो.
ऑगस्टात सिन्योराचं खुब्याचं हाड मोडलं.

सुकलेली फुलं खुडत जा,
नाहीतर झाडाचा जीव बियांत जातो.
खुडली. एका दांड्याची ठेवली.
तिचं बी छऱ्यासारखं काळं, टणक.
खिशात आहे. चालताना वाजतं.

यंदा हिव लवकर पडलं.
सगळे कंद काढले, यंदा नुसते झटकले, भुशात निजवले.
एक सोडून.
धुराड्याच्या भिंतीलगतचा, कोऱ्या चिठ्ठीचा.
त्यावर अक्रोडाची पानं, गुडघाभर पेंढा,
वर तुझं ते हिरवं घोंगडं, कसर लागलेलं.
मरेल, दोब्री म्हणाला. इथे कधी टिकलाय?
नसेल टिकला.
तुला सांगितलेलं नाही.

एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलंय.
काल दोनदा घोंगड्याखाली हात घालून पाहिला.
माती अजून तितकी गार नाही.