सोळा बोल्ट

दर शनिवारी पाळी सुटली की
मी नव्या शेडमध्ये जातो
आणि सोळा बोल्टांना ग्रीस लावतो.
काँक्रीटच्या चौथऱ्यातून ते वर आलेत
वीतभर, जाड,
पेरलेलं उगवून तिथंच थांबावं तसे.
त्यांच्यावर बसायचं यंत्र अजून आलेलं नाही.

चौथरा ओतला त्या दिवशी
मालकांनी, अतो देसालेननी, मेंढा कापला होता.
"सहा महिन्यांत इथून मॅकरोनी पडेल,
डिरे डावापासून हरारपर्यंत
परदेशी पाकीट कुणी फोडणार नाही."
मीही टाळ्या वाजवल्या,
हातावरचं सिमेंट वाळून तडकत होतं.

मग बँक.
बिर्र होते आमच्याकडे, पोत्यानं म्हणा हवं तर,
पण बिर्रवर साधा नटसुद्धा समुद्र ओलांडत नाही.
डॉलरची रांग वेगळी.
आमचा नंबर चार हजार तीनशे अठरा.
झिनाश, आमची कारकून, दर सोमवारी जायची,
बूट पुसून, फाइल छातीशी धरून,
आणि परत आली की नुसता आकडा सांगायची:
चार हजार दोनशे.
चार हजार एकशे नव्वद.
आमचं वर्ष तेरा महिन्यांचं,
तरी पुरलं नाही.

आधी औषधं. आधी डिझेल. आधी खत, गहू.
बरोबरच आहे, नाही कोण म्हणेल?
माझ्या आईचं इन्सुलिन त्याच खिडकीतून येतं.
ओल्या फडक्यात गुंडाळून मी ते मडक्यात ठेवतो,
इथल्या उन्हापुढे बर्फही धीर धरत नाही.
सुई भरताना कधी कधी वाटून जातं
हा थेंब म्हणजे आमच्या गिअरचा एक दात.
मी मान झटकतो.
आई विचारते, काय रे?
काही नाही.

दुपारी चौथऱ्यावर बसूनच कॉफी होते.
बिया भाजता भाजता झिनाशनं एकदा
कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडला,
एका यंत्रापायी किती पोती कॉफी बाहेर जायला हवी.
"म्हणजे बघा, यंत्र आपणच पिऊन टाकतोय."
सगळे हसले.
मी तिसरा कप घेतला नाही.

मध्यंतरी अदिसहून एक पोरगा आला, आकडेवारी खात्याचा.
यंत्रांची आयात घटली आहे म्हणाला,
कारखानदारांची गुंतवणुकीची इच्छा आटली आहे काय?
फॉर्मवर दोनच चौकटी: हो, नाही.
मी त्याला शेडमध्ये नेलं, बोल्ट दाखवले.
त्यानं एकावर अंगठा ठेवला,
काळा झाला,
पुसायला काही नव्हतं म्हणून फॉर्मच्या पाठीवर पुसला.
तेवढा एक ठसा राजधानीत पोचला असेल.

चौथ्या वर्षी नंबर लागला.
झिनाश धावत आली, बूट हातात.
इटलीला पत्र गेलं, बाविसाव्या दिवशी उत्तर:
अभिनंदन.
ते मॉडेल आम्ही आता बनवत नाही.
नवीन आहे, किंमत वीस टक्के वर.
पोलाद वेळेवर मिळत नाही, आमच्याकडेही रांग आहे,
चौदा महिने धरून चाला.
सोबत पायाचा नकाशा.

नकाशात बोल्ट अठरा.

अतो देसालेन बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
वरच्या वीस टक्क्यांसाठी बँकेत नवा अर्ज,
नव्या अर्जाला नवा नंबर.
"चौथरा फोडू का?" मी विचारलं.
"यंत्र जहाजात चढू दे आधी."

आज शनिवार.
जिबुतीकडून मालगाडी आली, शेडचा पत्रा थरथरला.
डबे मोजायचं मी कधीच सोडलंय.
चौदाव्या बोल्टाला तांबूस गंज धरू लागलाय,
बसून घासला.
तसा तो आता कुणाच्या कामाचा नाही,
पण नट अजून
एका बोटानं फिरतो.