सेकंड

विवाह नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात
जाळीच्या बोर्डावर तीस दिवस
टाचणीला लटकत होतो आम्ही.
येमूल श्रीवल्ली नरसय्या, वय सव्वीस.
बागवान इलियास महिबूब, वय अठ्ठावीस.
खाली एकच ओळ: हरकत असल्यास कळवावे.

हरकत लेखी कुणी कळवली नाही.
तोंडीच आल्या सगळ्या,
आणि सगळ्यांच्या बोलण्यात
तोच एक शब्द खड्यासारखा: फक्त.

समाजाच्या हॉलमध्ये पंच म्हणाले,
पोरगा कष्टाळू आहे, व्यसन नाही, फक्त.
विजापूर वेशीत त्याचे चुलते म्हणाले,
लडकी तो अच्छी हय, बस.
आणि तिथून पुढे पंख्याचाच आवाज.

त्यांचे मौलाना आवाज न चढवता बोलले.
म्हणाले, बेटी, फक्त कलमा पढ,
पाच मिनिटांचं काम.
आमचे पंतुलूही समजूतदार निघाले,
म्हणाले, त्याची शुद्धी करू,
पाचच मिनिटं.
दोघांची मिळून दहा मिनिटं होत होती.
सरकारचे तीस दिवस आम्हाला सोपे वाटले.

नाना काहीच बोलले नाहीत.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं जॉबर. कानात माग.
घरी कुणी हळू बोललं तर ऐकू येत नाही त्यांना,
आणि ह्या विषयावर
आमच्या घरी सगळे हळूच बोलायचे.
मी दमाणी नगरात मैत्रिणीकडे राहायला गेले,
तेव्हा ते उंबऱ्यावर बसून
चपलेचा अंगठा शिवत होते.
सुई थांबली नाही.

अम्मा रोज फोन करायची, विड्या वळता वळता.
अन्नं तिन्नावा? जेवलीस?
धर्माबद्दल तिने विचारलं एकदाच:
त्यांच्याकडं चिंचेचं सार करतात का गं?
करतात, म्हटलं. जरा पातळ.
बराच वेळ पलीकडून
कात्रीने पान कापल्याचा आवाज येत राहिला.

सत्ताविसाव्या दिवशी गावाचं लग्न होतं.
दरवर्षी असतं, संक्रांतीला, तळ्याकाठी.
कुंभाराची पोर हटून बसली
की करीन तर ह्यांच्याशीच,
आणि सिद्धरामांनी आपला योगदंड पुढे केला,
अशी गोष्ट.
उंच नंदीध्वज पेलत
बाराबंदीतली माणसं येतात,
संमती वाचली जाते,
आणि अख्खं सोलापूर अक्षता उधळतं.
नवरीचं कूळ, काठीचं लाकूड
कुणी विचारत नाही.
कट्ट्याचं नावच संमती कट्टा.

नाना एकही वर्ष चुकवत नाहीत.
रात्री अम्माचा फोन आला.
शर्ट धुवायला घेतला होता तिने.
खिशात मूठभर तांदूळ, म्हणाली.
टाकलेच नाहीत वाटतं ह्यांनी.
मग, काय करू त्यांचं, असं विचारलं,
आणि मी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

एकतिसाव्या दिवशी साक्षीदार तीन:
माझी मैत्रीण,
डाळिंबाची गाडी अर्ध्यात सोडून आलेली इलियासची मावशी,
आणि स्टॅम्प विकणारे शिवशरण काका,
ज्यांनी सहीचे पैसे घेतले नाहीत, चहाचे घेतले.
कुणी तांदूळ टाकले नाहीत.
मी दाराकडे बघत होते
हे इलियासने बघितलं, मला सांगितलं नाही.

संध्याकाळी कारखान्यातलं एक पोरगं
सुतळीने बांधलेलं गाठोडं देऊन गेलं.
आत चादर. तिच्यावर खडूने, त्यांच्याच अक्षरात:
सेकंड.
म्हणजे कुठेतरी धागा तुटलाय,
गाठ मारलीय, बाजारात भाव कमी.
दुकानातून चांगली आणता आली असती त्यांना.
ही त्यांच्याच मागावरची होती.

रात्रभर आम्ही ती चूक शोधत बसलो.
एका बाजूला लाल जमिनीवर पांढरे मोर,
उलटली की पांढऱ्या जमिनीवर लाल.
मोर तेच, माना वळवलेल्या.
इलियास म्हणाला, सुलटी बाजू कुठली?
मी साळ्याची पोर,
मलाही सांगता येईना.

गाठ अजून सापडलेली नाही.
थंडी मात्र होती त्या रात्री,
आणि चादर आखूड, त्याचे पाय बाहेर.