द्वारा

रात्री अकरानंतर मोजायचं असतं,
असं वरून आलेल्या कागदात लिहिलंय.
त्याआधी माणूस नुसता बसलेला असतो,
अकरानंतर तो बेघर होतो.

सांगलीच्या स्टँडवरून जतची शेवटची गाडी गेली
आणि बाकांवर माणसं आडवी झाली.
माझ्याकडं पॅड, पेन, चोवीस फॉर्म.
बॅटरी कोकऱ्यांच्या हातात,
महापालिकेत तीस वर्षं, गुडघे गेलेले.

नाव?
आदगोंडा मगदूम.
वय?
पुराच्या साली अठ्ठावन्न.
कुठल्या पुराच्या, ते मी विचारलं नाही.

हळदीच्या पॉलिशच्या ड्रमवर एकोणीस वर्षं.
काम सुटून किती दिवस झाले,
तरी नखांच्या कडा पिवळ्या,
लग्नघरातून आत्ताच उठून आल्यासारख्या.

पुढचा रकाना: बेघर होण्याचे कारण.
व्यसन. कौटुंबिक वाद. आपत्ती. आजार. इतर.
कोणत्याही एकाच चौकोनात खूण करावी.

तो हसला.
एकात कशी करू, बाई?
आधी त्रिशलाची किडनी. मिरजेला आठवड्यातनं दोनदा.
मग खाडे पडले.
मग ड्रमवर दुसरा माणूस आला, तरणा.
मग भाडं तटलं, तीन महिने.
मग पाणी चढलं.
उतरल्यावर मालकानं खोली धुतली, रंग दिला,
नवं कुलूप घातलं. किल्ली आम्हाला नाही.
त्रिशला गेली ती मेहुणीच्या पडवीत.
मग प्यायलो. ते पण खरं.
पण ते शेवटचं हाय, बाई.
ते पहिल्यांदा लिहू नका.

चौकोन मुंगीएवढा.
मी पाचहीमध्ये खुणा केल्या.

कोकरे म्हणाले, निवाऱ्यात कॉट रिकामी आहे,
गाडी बोलावतो.
उद्या, तो म्हणाला.
पलीकडं झोपलाय त्याला ताप आहे,
रात्री उठून पाणी मागतो. नाव म्हाईत नाही.
कोकऱ्यांनी गाडी बोलावली, दोघांसाठी.

मदत काय हवी, हा शेवटचा प्रश्न,
त्याला चौकोन नव्हते.

ब्लँकेट नको.
डिसेंबरात लोक गाडीतनं येतात,
झोपेतच पांघरून जातात, उजेड पाडून फोटो काढतात.
गेल्या थंडीत पाच झाली.
दिवसा ठेवू कुठं?
पाच ब्लँकेटं काखेत मारून
काम मागायला गेलं तर कोण उभं करंल?

एक पेटी पायजे. पत्र्याची, कुलपाची.
कुणाच्या तरी दारात.
आणि पत्ता.
पेन्शनचा कागद तेवढ्यावर अडलाय.
निवाऱ्याचा देऊ नका म्हणाला,
तो वाचला की समोरचा खुर्ची सरकवतो.

मी विश्रामबागेत राहते, भाड्यानं,
अकरा महिन्यांच्या करारावर.
बाराव्या महिन्यात मी कुठं असते
हे करारात लिहिलेलं नाही.

तरी लिहिलं:
आदगोंडा बाबू मगदूम,
द्वारा, आणि पुढं माझं नाव.
किती वर्षं पाकिटांवर हा शब्द लिहिला,
त्यात दार आहे हे स्टँडवर दिसलं.

हे नियमात बसत नाही, कोकरे म्हणाले.
आणि बॅटरी माझ्या कागदावर धरली,
अक्षर नीट यावं म्हणून.

जिन्याखाली पेटी बघून घरमालक काय बोलले
ते इथं लिहीत नाही.
महिन्याला शंभर जास्त, एवढ्यावर मिटलं.
तो दर बुधवारी येतो. चहा घेतो, उभ्यानंच.
आत या म्हटलं की चपलांकडं बघतो.
पेटी उघडतो, काहीतरी ठेवतो, काहीतरी काढतो,
मी तोवर वर येते.

पेन्शन अजून झालेली नाही.
दोनदा कागद परत आला, एकदा सहीसाठी,
एकदा का ते त्यांनाही सांगता आलं नाही.

काल दुपारी खालून पोस्टमन ओरडला,
मगदूम इथंच राहतात का?

जिन्याखाली पेटी होती.
कुलूप होतं. किल्ली माझ्याकडं नव्हती.

हो, मी म्हटलं.