दोन इंच

मेव्हणा गार्थ कुंपणापलीकडून म्हणाला,
"त्या म्हातारीला उंच टाचा कशाला घालतेस?
विकून टाक. माझ्यासारखी दांडगी घे."
त्याच्या गाडीला श्वास घ्यायला छतापर्यंत नळकांडं,
नदीत बुडली तरी जगेल म्हणे.
अजून तरी ती सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या डबक्यापलीकडे
कुठे बुडालेली नाही.

मला नदी नकोच होती.
मला एक दगड ओलांडायचा होता,
लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेवर, नवव्या किलोमीटरला,
मधोमध उगवलेल्या दाढेसारखा.
दर जानेवारीत, लेदरवुड फुललं की,
मागे सहा पेट्या भरून मी रात्रीची निघायची
आणि तो माझ्या वॅगनच्या पोटावरून नख ओढायचा.
खर्रर्र.
त्या आवाजाने सहाही पेट्यांतल्या माश्या
एकदम गप्प व्हायच्या.
ती शांतता मला सहन होत नसे.

लॉर्ना क्विल्टीचं गॅरेज वाराटात, पत्र्याचं.
तिथे पाऊस इतका की बोलायचं ते हातवाऱ्यांनी.
तिने गाडी वर घेतली, खाली शिरली, टॉर्च फिरवला.
"किती धावलीय?"
"तीन लाख एक्केचाळीस हजार."
"म्हणजे चंद्र आता जवळच आला."

मागचा एक बोल्ट दीड दिवस हलला नाही.
त्याला तेल पाजलं, ज्योत दाखवली,
शेवटी लॉर्नाने त्याला
आपल्या पहिल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली.
सुटला.

स्प्रिंगा मोडीत निघालेल्या एका वजनदार वॅगनच्या,
टायर एक नंबर थोराड, कडेने जाडजूड,
आणि इंजिनाखाली ढाल म्हणून
कौन्सिलने फेकून दिलेली रस्त्यावरची पाटी:
पिवळी, तिच्यावर काळा वॉम्बॅट.
"चित्र खाली ठेवू," लॉर्ना म्हणाली,
"दगडांना तरी कळू दे कोण येतंय."

मला हाव सुटली. म्हटलं, तीन इंच कर ना.
तिने हात पुसले.
पुसूनही ते काळेच राहिले.
"दोनच. तिसरा मागितलास तर सांधे तिरके चालतील,
रबर फाटेल, ग्रीस उडेल.
गाडीलाही गुडघे असतात, बाई."
मग स्वतःचे धरून हळूच उठली.

पहिली रात्र. टायरमधली थोडी हवा सोडली.
पेट्यांची दारं फोमने बंद, छतावर दोऱ्या, फावडं.
आठवा किलोमीटर. दिव्यांत धुकं.
मी खांदे आखडले, दात आवळले,
सवयीने.
नववा.
काहीच नाही.
मागे गुणगुण तशीच, सलग,
कुणी झोपेत कूस बदलावी तेवढासुद्धा खंड नाही.
मी एकटीच मोठ्यांदा हसले
आणि पुढच्या वळणाला ठण्ण!
ओळखीचा नव्हे, दुसराच कुणी दगड.
वॉम्बॅटने तो अंगावर घेतला.

अकराव्याला ओढा.
कडक चहाच्या रंगाचं पाणी, नेहमी घोट्याइतकं,
आज काठी घातली तर गुडघ्याच्या वर.
दिव्यांत एक फांदी आली
आणि विचार करायलाही न थांबता गेली.
गार्थ असता तर घातली असती गाडी.
कदाचित पारही झाला असता.
मी इंजिन बंद केलं.

पाऊस थांबला होता. झाडं मात्र गळत राहिली.
गाडीत मेण, ओली सतरंजी, नवं रबर, यांचा वास.
कुठल्या फटीतून कोण जाणे, एक माशी बाहेर आली होती.
काचेच्या आतून चालत होती, खालून वर,
घसरायची,
पुन्हा खालून.
मी काठी ओढ्यात उभी रोवली,
पाण्याच्या रेषेवर चाकूने खूण केली
आणि सीट मागे पाडून बघत राहिले
आधी कोण पोचतं ते.