दम

एप्रिलात खाडीतला बर्फ सुटतो
आणि न्यूफाउंडलंडच्या या टोकाला फोन वाजू लागतात.
आधी पार्डींकडे, मग चर्चमागच्या दोन घरांत,
मग माझ्याकडे.
"सोमवारी सहाला, डल्सी. बूट तुझे तूच आण."

यादीत व्हर्ना माझ्या वर आहे.
एकोणीस वर्षांनी वर.
खेकड्याचा पाय कुठे धरला की
मनगट न मुरगळता सुटतो,
हे मला तिनेच शिकवलं.

गेल्या जुलैत, उकळत्या हौदांच्या वाफेत,
तिला पहिल्यांदा दम लागला.
आम्ही हसलो. वय झालं गं, म्हटलं.
ऑगस्टमध्ये ती वाक्याच्या मध्येच थांबू लागली,
जिना चढताना थांबावं तशी,
आणि कारखान्यात जिना नाहीच.
डॉक्टर म्हणाला, दमा. खेकड्यांच्या वाफेचा.
तिने भरपाईचा फॉर्म भरला, निळ्या शाईने,
रकान्याबाहेर एक अक्षर जाऊ न देता.

तिला कुणी दम भरला नाही,
हे मी शपथेवर सांगेन.
फोरमन क्लेटन तर तिचा मावसभाऊ.
"दम धर, व्हर्ना," एवढंच म्हणाला,
"यंदा खेकडाच कमी आहे."

खेकडा कमी नव्हता.
आम्ही शनिवारीही जात होतो.

कुणी कुणाच्या पोटावर पाय दिला नाही.
फक्त फोन केला नाही.

जागा तिचीच, असं कायद्यात आहे म्हणे.
तिने मला तो कागद दाखवला,
खाली दोनदा रेघ ओढलेला.
मी चहा ढवळत राहिले.
साखर घातलीच नव्हती.

तिच्या जागेवर आता मी उभी असते.
पट्ट्यावरची तिसरी, भिंतीकडची.
वर नवा पंखा बसवलाय, वाफ ओढून घेणारा.
तीन हंगाम ती तो मागत होती.
मान वर केली की गार वारा येतो,
म्हणून मी मान वर करत नाही.

हिवाळ्याच्या भत्त्याला मला अजून
एकशे चाळीस तास हवेत.
गुरुवारपासून खोकला आहे.
गाडीत खोकते, काचा वर करून.

काल रात्री तिचा फोन आला.
मी दोन शब्द बोलले आणि उबळ आली.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
शिट्टीसारखा, बारीक.
मग म्हणाली, "माझ्याकडे एक कोरा फॉर्म उरलाय."

सर्दी आहे, म्हटलं मी.