तुटक रेघ

मुनीरुद्दीनसाहेब म्हणायचे,
नदी उगमाकडूनच काढायची.
चढाला लावलं की पेन रुसतं.

परभणीचं पाटबंधारे ऑफिस, वरचा मजला.
पहिल्या दिवशी त्यांनी मला दुधना दिली.
गोदावरी नाही, पूर्णाही नाही.
"ही बिघडली तर बोंब होणार नाही."
वळणावर श्वास धरायचा,
दुसरं पाणी येऊन मिळालं
की तिथून रेघ एक केस जाड.
एकच केस.
मिळालेलं लगेच दाखवायचं नसतं, बाई.

सिंदफणा सोपी, बिंदुसरेला घेऊन येते,
मंजरथला गोदेत शिरताना मात्र
सगळ्यांचाच कोन चुकतो.
मांजरा अवघड.
बालाघाटातून निघते ती गोदेकडे पाठ करून,
वाटेत तेरणेला घेते, बिदरकडे परकी होते,
आणि मग एकाएकी वळते उत्तरेला,
घरी कुलूप लावायचं राहिल्यासारखी.
आमच्या शीटवर ते वळण यायचं नाही.
कागद संपायचा तिथं साहेब
पेन्सिलीनं बारीक बाण काढायचे
आणि पेनला टोपण लावायचे.

एकदा विचारलं, आमच्या गावचा ओढा?
रायणीचा. सेलूच्या खाली दुधनेलाच मिळतो.
आई त्यात गोधड्या धुवायची,
मी एक चप्पल घालवली.
त्यांनी भिंग लावून बघितलं, खरोखर बघितलं.
"एका इंचाला चार मैल.
तुमचा ओढा ह्या रेघेच्या जाडीत गेला."

मे महिन्यात जीपनं संगमावर गेलो.
वाळू.
पूर्णेची काळसर, दुधनेची भुरी,
मधे टरबुजाचे वेल, राखणीला एक पोरगं.
यातली दुधना कुठली रे?
त्यानं अंगठ्यानं वाळूत रेघ ओढली.
"हितवर आमचे वेल."
साहेब परतीच्या वाटेत बोलले नाहीत.

नियम असा, की बारमाही नदीला सलग रेघ,
आटणारीला तुटक.
आणि वरून पत्र यायचं, सलगच काढा.

रिटायर व्हायच्या आठवड्यात
त्यांनी एक शीट काढलं, कुणीही न मागितलेलं.
अख्खा मराठवाडा तुटक.
पूर्णा तुटक, मांजरा तुटक,
गोदासुद्धा पैठणखाली उसवलेली.
फक्त सेलूच्या खाली, भिंगाशिवाय दिसेल एवढी,
सगळं स्केल मोडून,
एक सलग निळी रेघ. रायणीचा ओढा.

तो दिवाळीतच आटतो.
मी त्यांना सांगितलं नाही.